कृष्णाकाठच्या जागत्या रात्री आणि वाढते वजन

घरात कुणाचे पोट सुटू लागले की पहिला आरोप झोपेवर येतो. ‘खाऊन-पिऊन झोपा काढतो, मग अंग सुटणारच,’ हे वाक्य सातारा-सांगलीकडच्या सोप्यावर बसून कितीदा तरी ऐकायला मिळते. जागणारा मनुष्य मात्र कष्टाळू समजला जातो. रात्री शेताला पाणी पाजणारा शेतकरी, कारखान्यात रात्रपाळी करणारा कामगार, आजारी सासूच्या उशाशी बसून राहणारी सून, यांच्याविषयी आपल्याला आदर वाटतो आणि तो रास्तच आहे. परंतु शरीर आपला हिशोब या आदराप्रमाणे मांडत नाही. झोप दीर्घकाळ अपुरी पडत राहिली तर अंग झडण्याऐवजी बहुधा वाढते, असे गेल्या दोन-अडीच दशकांतील संशोधन सांगते.

हा संबंध समजून घेण्यासाठी आपण कृष्णाकाठाने एक प्रवास करू. साताऱ्याहून निघून पाल, कऱ्हाड आणि वाळवा तालुका ओलांडत सांगली-मिरजेला पोहोचू. अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. वाटेवरची देवळे, किल्ले आणि घाट आपल्या परिचयाचे आहेतच. या वेळी तेथील रात्रीही पाहू. या खोऱ्यात माणसे निरनिराळ्या कारणांनी जागतात, आणि प्रत्येक मुक्काम आपल्याला झोपेविषयी काहीतरी वेगळे शिकवतो.

अजिंक्यताऱ्याची पहाट

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईवरून खाली येते आणि साताऱ्याजवळ संगम माहुली येथे वेण्णेला भेटते. शहराच्या पाठीशी अजिंक्यतारा उभा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,३०० फूट उंचीचा हा किल्ला म्हणजे सातारकरांची व्यायामशाळाच. उजाडण्यापूर्वीच चार भिंतींच्या आणि किल्ल्याच्या वाटेवर स्वेटर, कानटोपी आणि काठी घेतलेली मंडळी दिसू लागतात. त्यांत साठी-सत्तरी ओलांडलेली पुष्कळ असतात. हे दृश्य पाहून कोणत्याही डॉक्टरला आनंदच होईल.

प्रश्न आहे तो आदल्या रात्रीचा. पहाटे साडेचारचा गजर लावणारे हे गृहस्थ रात्री केव्हा निजले होते? दूरदर्शन संच बंद व्हायला अकरा वाजतात, मग हातात मोबाईल येतो, आणि दिवा मालवायला साडेअकरा होतात. लवकर निजून लवकर उठण्याचा उपदेश आपण अर्धाच पाळतो. उठणे लवकर झाले, निजणे मात्र पुढे सरकले. बहुतेक ज्येष्ठांना सात ते आठ तासांची झोप आवश्यक असते. येथे पदरात पडतात जेमतेम पाच.

यातून काय घडते ते शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून कळते. त्यांनी अधिक वजनाच्या दहा प्रौढ व्यक्तींना मोजका आहार दिला. एका पंधरवड्यात त्यांना रोज साडेआठ तास अंथरुणात राहू दिले, तर दुसऱ्या पंधरवड्यात केवळ साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन सारखेच, सुमारे तीन किलोंनी उतरले. परंतु पुरेशी झोप मिळाली तेव्हा चरबी जवळजवळ दीड किलो घटली. झोप कमी होती तेव्हा ती फक्त अर्ध्या किलोच्या आसपास घटली. बाकीची घट स्नायू व अन्य चरबीविरहित ऊतींची होती. वजनकाटा खूश, पण शरीर मात्र तोट्यात.

हा प्रयोग मध्यमवयीन व्यक्तींवर झाला होता, तरी ज्येष्ठांनी त्यातला धडा मनावर घ्यावा असा आहे. वयपरत्वे स्नायू तसेही झिजत असतात. खुर्चीतून हात न टेकता उठणे, जिना चढणे, ठेच लागली असता तोल सावरणे, हे सारे स्नायूंच्याच बळावर होते. म्हणून झोप मोडून केलेला व्यायाम आणि झोप मोडून केलेले पथ्य हा उतारवयात महागडा सौदा ठरतो. किल्ल्यावर अवश्य जावे. मात्र पहाटे पाचला जायचे असेल तर रात्री साडेनऊला दिवा मालवावा. ते जमत नसेल तर सकाळी सातला जावे. अजिंक्यतारा कुठे जात नाही.

पालीचा जागर आणि भुकेचे दोन निरोपे

महामार्गाने दक्षिणेकडे निघाल्यावर उंब्रजच्या अलीकडे पालीचा खंडोबा लागतो. पौषात येथे खंडोबा-म्हाळसेचा विवाहसोहळा भरतो आणि भंडाऱ्याने सारा परिसर पिवळा होतो. खंडोबा कुलदैवत असलेल्या घरांत लग्नानंतर जागरण घालण्याची रीत आहे. वाघ्या-मुरळी रात्रभर गातात आणि घरदार त्यांच्यासोबत जागते. अशा एखाद्या जागराने कुणाचे वजन वाढत नाही. दुसऱ्या दिवशी शरीर आपली झोप बरीचशी भरून काढते. आपल्या पूर्वजांचा जागर वर्षा-दोन वर्षांतून एकदा असे. आपण तो रोजचा केला आहे, आणि दुखणे तेथे आहे.

रोजच्या जागराने शरीरात काय बदलते? आपल्या रक्तात भुकेचे दोन निरोपे फिरत असतात. एकाचे नाव लेप्टिन. तो चरबीच्या पेशींतून निघतो आणि ‘साठा पुरेसा आहे, आता थांबा’ असे मेंदूला कळवतो. दुसऱ्याचे नाव घ्रेलिन. तो मुख्यतः जठरातून निघतो आणि ‘पोट रिकामे आहे, काहीतरी पाठवा’ असे सांगतो. लेप्टिनचा शोध १९९४ साली लागला, घ्रेलिनचा १९९९ साली. २००४ साली शिकागोत बारा निरोगी तरुणांना एका वेळी दोन रात्री केवळ चार-चार तास आणि वेगळ्या वेळी दोन रात्री दहा-दहा तास अंथरुणात ठेवून त्यांचे रक्त तपासण्यात आले. कमी झोपेनंतर लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि भूक २४ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांनी स्वतः नोंदवले. ओढ होती ती विशेषतः गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. भाजी-कोशिंबिरीची इच्छा तेवढी वाढली नव्हती.

जागरणानंतरच्या सकाळी आपल्यालाही भाकरी-भाजीपेक्षा बिस्किटे, फरसाण आणि गोड चहाच हवासा वाटतो, हे आठवून पाहा. तो केवळ जिभेचा चोचला नव्हे. अपुरी झोप मनाचा लगामही सैल करते आणि दिवसभर अंग जड असल्याने हालचाल कमी होते. शिवाय जागण्याचे तास वाढले की खाण्याचे तासही वाढतात. कंदी पेढ्यांचा पुडा रात्री अकराला उघडला जातो, कारण अकराला आपण जागे असतो.

उसाच्या पट्ट्यातील रात्र

कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम पाहून पुढे निघावे. दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात असा हा संगम आहे, आणि घाटावर यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे. येथून पेठनाक्यापर्यंत आणि तेथून डावीकडे वळून सांगलीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसच ऊस. रेठरे, साखराळे अशा गावांच्या आसमंतात गळिताच्या हंगामात मळीचा आंबूस वास पसरलेला असतो. कारखान्याचा बॉयलर एकदा पेटला की हंगाम संपेपर्यंत दिवस-रात्र चालतो आणि माणसे तीन पाळ्यांत विभागली जातात. पहाटेच्या अंधारात तोडणीच्या टोळ्या फडात उतरलेल्या असतात. रात्री उशिरापर्यंत उसाचे ट्रॅक्टर धावत असतात.

याच पट्ट्यातील दुसरे जागरण शेतीच्या विजेचे. कृषिपंपांना थ्री-फेज वीज आलटून-पालटून काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळत आली. ज्या आठवड्यात रात्रीची लाईट, त्या आठवड्यात रात्रीच दारे धरायला जावे लागते. दिवसा वीज द्या ही या भागातील जुनी मागणी आहे, आणि २०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याच हेतूने आली. परंतु जेथे अद्याप रात्रीचे पाणी आहे, तेथे बॅटरी, काठी आणि गमबूट घेऊन बांधावर जाणारा पुष्कळदा साठीचा असतो, कारण मुलगा पुण्या-मुंबईत नोकरीला असतो. साप आणि बिबट्या ही भीती सर्वांना ठाऊक आहे. पण रात्रीचे पाणी आणखी एक गोष्ट हळूहळू देऊन जाते, ती म्हणजे पोटाचा घेर.

‘मी दिवसभर राबतो, मला कसले वजन?’ असे अशी मंडळी दवाखान्यात विचारतात. उत्तर शरीराच्या घड्याळात आहे. आपल्या पेशींमध्ये चोवीस तासांचे एक चक्र चालते. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या चक्रानुसार रात्री इन्सुलिनचे काम मंदावते. दुपारी खाल्लेली भाकरी आणि रात्री दोनला खाल्लेली भाकरी एकच असली तरी रात्री तिच्यामुळे रक्तातील साखर अधिक चढते. त्यात रोजचे जागरण इन्सुलिनचा परिणाम आणखी बोथट करते. म्हणून हातपाय बारीक, पण पोट पुढे आणि साखर वाढलेली, असे चित्र राबणाऱ्या शरीरातही दिसते.

ज्यांना रात्रीचे काम टाळता येत नाही त्यांनी चार गोष्टी कराव्यात. मुख्य जेवण कामावर निघण्यापूर्वी, शक्यतो आठच्या आत उरकावे. रात्री भूक लागलीच तर वडा-भजीऐवजी मूठभर भाजके शेंगदाणे-फुटाणे किंवा ताक घ्यावे. साखरेचा चहा मध्यरात्रीनंतर बंद ठेवावा. सकाळी घरी आल्यावर खिडकीला जाड पडदा लावून, घरच्यांना सांगून, सलग चार-पाच तास निजावे आणि दुपारी तासभराची भर घालावी. मोटारीला मोबाईलवरून चालणारा स्टार्टर बसवता आला तर निदान वीज आली की नाही हे पाहण्यासाठी होणारी खेप वाचते.

सांगली : पुलावरची पातळी

आष्टा, डिग्रज, सांगलीवाडी असे करत आपण आयर्विन पुलावरून सांगलीत शिरतो. १९२९ साली बांधलेला हा पूल सांगलीकरांचा नुसता रस्ता नाही; पावसाळ्यात तो त्यांची मोजपट्टी असतो. येथे कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी हे आकडे लहान मुलांनाही पाठ करायला लावले. पाणी ३८ फुटांवर आले की शहर सामान बांधू लागते. ४५ फुटांची वाट कुणी पाहत नाही.

वाचकहो, वजनाच्या बाबतीत मात्र आपण नेमकी धोका पातळीचीच वाट पाहतो. भारतीयांसाठी कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर, ही आपली इशारा पातळी समजावी. शिंप्याची टेप घेऊन, बेंबीच्या किंचित वर, श्वास सहज सोडून घेर मोजावा आणि महिन्यातून एकदा कॅलेंडरवर लिहावा. शेजारी आणखी एक आकडा असू द्यावा: त्या आठवड्यात सरासरी किती तास झोप झाली. काही महिन्यांत दोन्ही आकडे एकमेकांशी कसे वागतात ते स्वतःच दिसेल.

कारण ही वाढ पुरासारखी एका रात्रीत येत नाही. ती पाझरासारखी येते. अमेरिकेतील ६८,००० हून अधिक परिचारिकांची सोळा वर्षे नोंद ठेवली गेली. पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत १५ किलो वा अधिक वजन वाढण्याची शक्यता सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी जास्त आढळली. आशादायक गोष्टही सांगतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या ८० जणांपैकी निम्म्यांना झोप वाढवण्याचा सल्ला दिला गेला. त्यांची झोप रोज सुमारे सव्वा तासाने वाढली, आणि कोणतेही पथ्य न सांगता त्यांचे खाणे दुसऱ्या गटाच्या तुलनेत दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी कमी झाले. एका वडापावाएवढा हा ऐवज केवळ निजल्याने वाचला. हे सारे चाळिशीच्या आतील होते आणि प्रयोग दोन आठवड्यांचा होता, हे लक्षात ठेवूनही त्याची दिशा स्पष्ट आहे.

सांगली ही नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी येथे ‘सीता स्वयंवर’ सादर केले, आणि त्यानंतरच्या पिढ्यांनी रात्र-रात्र चालणारी नाटके डोळे भरून पाहिली. आज तोच प्रेक्षक घरातल्या पडद्यासमोर बसतो, हाती भडंगाची वाटी घेऊन. नाटकाला अखेरचा पडदा असे. मोबाईलला तो नाही. तो आपणच पाडायला हवा.

मिरज : उशाशी बसलेली माणसे

सांगलीला लागूनच मिरज. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली येथे रुग्णालय उभारले आणि तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील आजारी माणसे या गावाची वाट धरू लागली. सतारी घडवणारे हे गाव रुग्णालयांचेही गाव झाले. येथील कोणत्याही रुग्णालयाच्या व्हरांड्यात रात्री फिरून पाहावे. खाटेवरचा रुग्ण बहुधा झोपलेला असतो. जागे असते ते भिंतीला टेकून, चटईवर बसलेले त्याचे माणूस. घरी परतल्यावरही त्याचे जागणे संपत नाही. रात्रीतून चारदा लघवीला उठवणे, कूस बदलणे, औषध देणे हे महिनोन्‌महिने चालते.

शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांचे वजन वाढते तेव्हा त्यांना सरळ ‘चाला, कमी खा’ असे सांगितले जाते. तुटक झोप, उभ्या-उभ्या घेतलेला घास, उरलेले अन्न संपवणे आणि ताण यांचा तो परिणाम असतो, हे कुणी विचारात घेत नाही. अशा बाईला व्यायामाआधी झोप हवी असते, आणि ती देणे घरच्यांच्या हातात असते.

त्यासाठी रात्रीचे दोन पहारे करावेत. दहा ते दोन एकाने पाहावे, दोन ते सहा दुसऱ्याने. दुसरे कुणी नसेल तर आठवड्यातून दोन रात्री नातेवाईक किंवा ब्युरोची बाई बोलवावी. रुग्णाच्या हाताशी घंटी, खाटेजवळ लघवीचे भांडे किंवा कमोडची खुर्ची आणि जमिनीलगत मंद दिवा ठेवल्यास कित्येक खेपा टळतात. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. सलग चार तासांची एक झोप आणि दुपारी अर्ध्या तासाची डुलकी एवढे तरी काळजीवाहकाला मिळायलाच हवे.

परतताना सोबत न्यावे असे

चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्यासोबत निद्रेला शरीराचा उपस्तंभ मानले आहे. त्याच ग्रंथात दिवसा निजण्याने मेद वाढतो असेही सांगितले असून वृद्ध, रुग्ण आणि थकलेल्यांना मात्र दुपारच्या निद्रेची मुभा दिली आहे. ज्येष्ठांनी ती जरूर घ्यावी. पण तीन वाजण्यापूर्वी आणि वीस-तीस मिनिटेच, म्हणजे रात्रीची झोप उसनी घेतली जाणार नाही. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. सकाळचे ऊन अंगावर घ्यावे. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी आणि रात्रीचे जेवण निजण्याच्या दोन-तीन तास आधी संपवावे.

वजन वाढण्यास झोप हे एकच कारण नसते. थायरॉईडचे विकार, स्टिरॉईड, इन्सुलिन आणि मनोविकारांवरील काही औषधे यांनीही ते वाढते. चार-पाच दिवसांतच दोन किलो वजन वाढले, पाय सुजले, आडवे होताच धाप लागली, तर ती चरबी नसून साठलेले पाणी असू शकते. हृदय किंवा मूत्रपिंडाची तपासणी त्वरित करून घ्यावी. जो मोठ्याने घोरतो, घोरता-घोरता ज्याचा श्वास थांबतो आणि जो दिवसा बसल्या जागी पेंगतो, त्याला निद्राश्वसनरोध असण्याचा संभव आहे. येथे वाढलेले वजन झोप बिघडवते आणि बिघडलेली झोप वजन वाढवते. झोपेची चाचणी आणि गरज पडल्यास सीपॅप यंत्र यांनी हे चक्र तोडता येते. घोरणाऱ्याला स्वतःला हे कळत नाही. ते शेजारी निजणाऱ्यानेच डॉक्टरांना सांगावे लागते.

झोपेच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. उतारवयात त्यांनी तोल जाणे, पडणे आणि गोंधळणे घडते. त्या महिनोन्‌महिने चालू असतील तर एकाएकी बंदही करू नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात.

कृष्णाकाठचा हा प्रवास आपण केव्हाही करावा, शक्यतो दिवसाउजेडी. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तेथील घाटावर संध्याकाळी थोडे बसावे. अंधार पडू लागला की झाडांवरचे पक्षी कुणी न सांगता गप्प होतात. आपणही त्या रात्री दहाच्या आत निजावे. आणि घरात कुणी आपल्यासाठी जागत असेल, तर आज त्यालाही निजू द्यावे.